घाटात न ओकणारं पेन

फाउंटन पेन शाई ढकलत नाही. लिहिताना शाई सोडायला त्यात दाब देणारं काही नसतं, झडप नसते, हलणारा भाग नसतो. शाई ओढतो तो कागद. निब टेकली की कागदाच्या तंतूंमधल्या सूक्ष्म फटी टोकावरची शाई शोषून घेतात. ती जागा भरायला निबेच्या चिरेतली शाई पुढे येते, तिच्यामागे निबेखालच्या जिभेच्या चरातली आणि त्यामागे नळीतली. समईच्या वातीत तेल चढतं तेही याच नियमानं. निब उचलली की ही सगळी रांग जिथल्या तिथे थांबते, पुन्हा टेकली की पुन्हा चालू लागते. पेनं करायला लागल्यापासून मला हे पाठ आहे, आणि तरीही प्रत्येक नवं पेन पहिल्यांदा लिहू लागतं तेव्हा मी थक्क होऊन बघत राहतो.

स्वतःसाठी पेन करताना यातलं पुष्कळसं कळतच नाही, कारण आपला हात पेनाला सांभाळून घेतो. कोरडं लिहीत असेल तर आपण नकळत हळू लिहितो, जास्त ओलं असेल तर चांगला कागद घेतो, गळत असेल तर ते टेबलावरून हलवतच नाही. दुसऱ्यासाठी पेन करायचं म्हणजे हे सगळं त्या पेनानं स्वतः करायला हवं. माझं पहिलं गिऱ्हाईक होते महाडचे एक निवृत्त शिक्षक. ओळखीतले सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. त्यांच्या अटी मोजक्या होत्या. काळं एबोनाइट हवं. पेन जाड हवं, कारण बोटं आखडतात आणि बारीक पेन धरवत नाही. शाई ड्रॉपरनं थेट नळीत भरता आली पाहिजे. आणि शेवटची अट सगळ्यात कठीण.

"आमची लेक महाबळेश्वरला असते," ते म्हणाले. "एसटीनं आंबेनळी घाट चढलो की पेन ओकतं. सदऱ्याचा खिसा निळा होतो. तुमचं ओकता कामा नये."

मी विचारलं, "उतरताना?"

"उतरताना कधी नाही ओकलं. चढतानाच."

त्यांच्या या एका निरीक्षणात पेनाचं निम्मं शास्त्र होतं. महाड समुद्रसपाटीपासून थोडंसंच वर आहे आणि महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर. तेवढ्या उंचीवर हवेचा दाब खालच्यापेक्षा चौदा-पंधरा टक्क्यांनी कमी असतो. पेनाच्या नळीत शाईबरोबर हवाही कोंडलेली असते आणि ती महाडच्या दाबाची असते. गाडी वर चढत जाते, बाहेरचा दाब उतरत जातो आणि आतली हवा फुगते. महाबळेश्वरला पोचेपर्यंत ती सतरा टक्क्यांच्या आसपास वाढलेली असते. तिला जागा हवी असते आणि बाहेर जायची वाट एकच, निबेची. शाई हवेच्या आणि वाटेच्या मध्ये आली तर आधी शाईलाच बाहेर पडावं लागतं. उतरताना याच्या उलट होतं. आतली हवा आक्रसते, निबेतून बाहेरची हवा आत शिरते आणि खिशाला काही होत नाही.

आता हिशेब बघा. नळीत दोन मिलिलिटर हवा असेल तर घाटमाथ्यावर ती एक तृतीयांश मिलिलिटरनं वाढते. एक थेंब म्हणजे ढोबळमानानं ०.०५ मिलिलिटर, तेव्हा हे सहा-सात थेंब झाले. खिसा निळा व्हायला ते भरपूर आहेत. पण नळी काठोकाठ भरलेली असेल आणि हवा जेमतेम ०.२ मिलिलिटर असेल तर वाढ एका थेंबाएवढीही नाही. म्हणजे घाटात धोका भरलेल्या पेनाला नाही, रिकामं होत आलेल्या पेनाला आहे. लोक मात्र शाई सांडेल म्हणून प्रवासाआधी पेन अर्धं रिकामं करतात! तळहाताची ऊबही हेच करते. पंचवीस अंशांवरची हवा पस्तीस अंशांवर गेली की तीन-साडेतीन टक्के फुगते. शाई संपत आली की पेन अचानक डाग पाडतं त्यामागे बहुधा हेच असतं.

यावर माणसांनी फार सुंदर तोडगे काढले आहेत. जपानी कारागिरांनी ड्रॉपरच्या पेनात मागच्या बुंध्याला जोडलेली एक सळई घातली. बुंधा घट्ट फिरवला की तिचं टोक नळीचं तोंड आतून बंद करतं. प्रवासात बंद, लिहायला बसलं की थोडं सैल. मला त्याहून जॉर्ज पार्करचा तोडगा जास्त आवडतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिलला तो तारायंत्र शिकवायचा आणि विद्यार्थ्यांना पेनं विकायचा. ती पेनं इतकी गळत की दुरुस्त करता करता तो स्वतःच पेन करणारा झाला. त्याच्या लक्षात आलं की निब वर करून पेन खिशात ठेवलं तरी जिभेच्या चरात थोडी शाई अडकून राहते, आणि अंगाच्या उष्णतेनं हवा फुगली की तीच टोपणात उडते. १८९४ साली त्यानं जिभेचं शेपूट वाकवून नळीच्या भिंतीला टेकवलं. भिंतीशी झालेल्या त्या चिंचोळ्या सांध्यातून चरातली शाई आपसूक खाली नळीत उतरते आणि हवेची वाट मोकळी राहते. त्या पेनाचं नाव त्यानं ‘लकी कर्व्ह’ ठेवलं. एक शेपूट वाकवलं, एवढंच!

गुरुजींसाठी मी सगळ्यात साधा मार्ग घेतला. पेन जाड हवं होतंच. बाहेरून १५ मिलिमीटर ठेवलं आणि आत नेहमीच्या १० ऐवजी ८ मिलिमीटरचं भोक पाडलं. पन्नास मिलिमीटर खोलीला त्यात अडीच मिलिलिटर शाई मावते. दहाच्या भोकात जवळजवळ चार मावली असती. शाई कमी, पण कोंडणारी हवाही कमी. शिवाय भिंत साडेतीन मिलिमीटर जाड झाली आणि एबोनाइट उष्णता फार सावकाश आत जाऊ देतं. बाकीचं काम जिभेवर सोडलं. तिच्याकडे येतोच.

एबोनाइट म्हणजे रबर. १८३९ साली चार्ल्स गुडइयरला रबर आणि गंधक एकत्र तापवण्याची युक्ती सापडली. सायकलच्या ट्यूबसारख्या मऊ रबरात गंधक दोन-तीन टक्के असतं. तेच तीस टक्क्यांपर्यंत नेलं आणि तासन्‌तास तापवत ठेवलं की रबर दगडासारखं टणक, काळंभोर होतं. लेथवर एबोनाइटची कांडी फिरू लागली आणि हत्यार टेकलं की गंधकाचा वास सुटतो. कांडीवरून काळी लांब फीत सुटत जाते आणि खाली गुंतवळ साचत जातं. कातणाऱ्या हाताला एबोनाइटसारखं दुसरं साहित्य नाही असं माझं ठाम मत आहे. अ‍ॅक्रिलिक कपचे उडवतं, जरा घाई केली की तडकतं. एबोनाइट मात्र लोण्यासारखं उतरतं आणि तरी धार राखतं. त्याचे दोष दोनच. उन्हात महिनोन्‌महिने राहिलं की काळ्याचं तपकिरी-हिरवट होत जातं, आणि गरम पाण्यात जास्त वेळ ठेवलं तर चकाकी जाते.

आपल्याकडे एबोनाइटची पेनं हातानं करण्याची परंपरा गोदावरीकाठी आहे, आंध्रातल्या राजमहेंद्रीला. तिची एक गाठ वर्ध्याला बांधलेली आहे. कोसुरी वेंकट रत्नम यांना १९२१ मध्ये गांधीजींनी सुचवलं होतं की सामान्य माणसाच्या रोजच्या उपयोगाची एखादी स्वदेशी वस्तू करा. रत्नम यांनी पेन निवडलं. त्या काळी चांगलं पेन म्हटलं की ते परदेशीच असायचं. त्यांनी केलेलं पेन अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या जे. सी. कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पोचलं. १६ जुलै १९३५ रोजी वर्ध्याहून गांधीजींनी रत्नम यांना कळवलं की पेन वापरून पाहिलं आणि बाजारातल्या परदेशी पेनांना ते चांगला पर्याय वाटतं. मला या पत्रातला ‘वापरून पाहिलं’ हा भाग फार मोलाचा वाटतो. गांधीजी रोज ढिगानं पत्रं लिहीत. पेन करणाऱ्याला याहून कडक परीक्षक कुठे मिळणार?

शाईचीही अशीच गोष्ट जवळची आहे. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत ‘हॉर्स’ छापाची शाईची पूड आणि वड्या करायला घेतल्या, त्यातूनच पुढे कॅम्लिन उभी राहिली. गुरुजी आजही कॅम्लिनचीच रॉयल ब्लू वापरतात.

आता आटे. पेनाचं टोपण उघडायला आपण किती फेरे देतो, इकडे कुणाचं लक्ष नसतं. गुरुजींच्या टोपणाचे आटे १३ मिलिमीटर व्यासाचे आहेत आणि दोन आट्यांमधलं अंतर ०.८ मिलिमीटर. बोल्टसारखा एकच आटा पाडला तर एका फेऱ्यात टोपण ०.८ मिलिमीटर सरकेल, आणि चार मिलिमीटरचा पट्टा सुटायला पाच फेरे लागतील. वहीवर विचार सुचला आहे आणि माणूस टोपण फिरवत बसला आहे, असं कसं चालेल? म्हणून पेनावर तीन वेगळे आटे एकमेकांच्या शेजारून, तीन वेगळ्या जागी सुरू होऊन वर चढतात. दिसायला ते तेवढेच बारीक दिसतात, पण एका फेऱ्यात टोपण २.४ मिलिमीटर सरकतं आणि पावणेदोन फेऱ्यांत मोकळं होतं. असले टॅप आणि डाय हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत, मुद्दाम करून घ्यावे लागतात. आटे पाडताना मशीन बंद ठेवून हातानं फिरवायचं: अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, कचरा झटकायचा, पुन्हा अर्धा पुढे. पाच शतांश मिलिमीटर जास्त गेलं तर टोपण डुगडुगतं, कमी पडलं तर करकरतं. बोटांना तेवढा फरक लगेच कळतो.

टोपणाला आटे ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. दाबून बसवलेलं टोपण झटक्यात ओढलं तर आत क्षणभर पोकळी होते आणि ती निबेतून शाई खेचते. आट्यांवरून ते सावकाश सुटतं, हवेला आत यायला वेळ मिळतो.

पेनाचा पुढचा, बोटांनी धरायचा भाग नळीला जिथे जोडतो तिथले आटे याच्या उलट: एकेरी, बारीक आणि लांब. तिथे घाई नको, गळती अडवायची आहे. त्यांच्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळसा हात दिला की शाई तिथून येत नाही.

आणि आता जीभ. निबेच्या पोटाशी असलेला काळा तुकडा, ज्याच्याकडे कुणी बघत नाही. पेनातलं सगळ्यात बुद्धिमान असं काही असेल तर ते हेच. नळी बंद आहे. एक थेंब शाई बाहेर गेली की आतला दाब तेवढा उतरतो. हवा आत आली नाही तर चार-पाच शब्दांत पेन मुकं होईल. हवा मनाला येईल तशी आली तर सगळी शाई वहीवर. म्हणजे एकाच चिंचोळ्या वाटेनं शाई खाली आणि हवा वर, दोघांनी मोजून मापून जायचं. लुइस वॉटरमन याला १२ फेब्रुवारी १८८४ रोजी जे पेटंट मिळालं ते याच गोष्टीचं होतं. जिभेवर एक रुंद चर आणि त्या चराच्या तळाला आणखी बारीक चिरा. शाई चिरांमध्ये राहते, कारण अरुंद जागा तिला घट्ट धरते. हवेचा बुडबुडा रुंद चरातून वर जातो. तोपर्यंतची पेनं दैवावर लिहीत होती.

शाईला अरुंद जागेची ओढ किती असते? अगदी स्वच्छ अशा दोन काचांमध्ये एक दशांश मिलिमीटरची फट ठेवली तर पाणी तिच्यात पंधरा सेंटिमीटरपर्यंत चढू शकतं. फट निम्मी केली की उंची दुप्पट. पेनाची सगळी रचना यावर उभी आहे. नळीपेक्षा चर अरुंद, चरापेक्षा जिभेच्या चिरा अरुंद, त्यांच्यापेक्षा निबेची चीर, आणि ती चीरही टोकाकडे निमुळती होत गेलेली. कागदाच्या तंतूंमधल्या जागा त्याहून बारीक. शाई प्रत्येक पायरीला जास्त अरुंद जागेकडे जाते, म्हणून लिहिताना ती चुकूनही उलटी फिरत नाही. यातला एक दुवा रुंद झाला, निबेची दोन पाती टोकाशी जरा फाकली, की पुरेशी शाई असूनही पेन लिहीत नाही.

जिभेच्या पोटाला आडवे पातळ दात कापलेले असतात. त्यांच्यामधल्या फटी एरवी रिकाम्या असतात. हवा फुगून जास्तीची शाई आली की ती आधी या फटींमध्ये भरते, आणि लिहिता लिहिता परत चरात ओढली जाते. घाटातले पहिले एक-दोन थेंब थोपवायचे ते यांनीच. कारखान्यात जीभ प्लास्टिकची ओततात, पण प्लास्टिकवर पाणी सहज पसरत नाही, त्याला आधी रसायनाची प्रक्रिया द्यावी लागते. एबोनाइट शाई धरून ठेवतं. फक्त ते साच्यात ओतता येत नाही, दात एकेक करून कापावे लागतात. गुरुजींच्या पेनाची जीभ मी एबोनाइटची केली, आणि तिथेही या साहित्यानं मला भुरळ घातली. निब आणि जीभ एकमेकींना पूर्ण चिकटून बसली पाहिजेत. मध्ये केसाएवढी फट राहिली तर शाई तिथेच तुटते. दोन्ही एकत्र धरून उकळीला आलेल्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवायच्या, बाहेर काढून अंगठ्यानं दाबून धरायच्या. एबोनाइट उष्णतेनं किंचित नरम पडतं आणि निबेच्या पोटाचा आकार घेतं. गार झालं की तोच आकार कायमचा. ती जीभ मग त्याच निबेची होते.

निब मी केलेली नाही. हातानं पेनं करणारे बहुतेक जण ती विकतच घेतात, जर्मनीत बर्लिनच्या योवोची किंवा हायडेलबर्गच्या बॉकची. टोकाचा तो बारीकसा मणी वेगळ्याच धातूचा असतो, कारण पोलाद किंवा सोनं कागदावर घासून झिजेल. त्याला सर्रास इरिडियम म्हणतात. हा धातू स्मिथसन टेनंट यानं १८०३ मध्ये शोधला, ऑस्मियमच्या जोडीनं. आजच्या मण्यांत इरिडियम असेलच असं नाही, ऑस्मियम, रुथेनियम, टंगस्टन यांची मिश्रणं असतात. मणी आधी निबेला जोडतात आणि मग कागदाएवढ्या पातळ चकतीनं मण्यासकट निब मधोमध चिरतात. भिंगातून पाहिलं की मण्याचे दोन अर्धगोल दिसतात आणि मध्ये एक रेघ. माझं काम त्यापुढचं: दोन्ही पाती एका पातळीत आणायची, चिरेतून पितळेचा पातळ पत्रा फिरवून ती मोकळी करायची, अतिशय मऊ पॉलिश पेपरवर मणी इंग्रजी आठच्या आकारात फिरवायचा. इथे हावरेपणा करून चालत नाही. मणी गुळगुळीत करण्याच्या नादात चिरेच्या आतल्या कडा जास्त गोल झाल्या तर शाई कागदापासून किंचित वर राहते आणि प्रत्येक शब्दाचा पहिला फराटा कोरा उमटतो.

निबेची परीक्षा कशावर घ्यायची? इंग्रजी अक्षरांवर घेऊन उपयोग नव्हता. गुरुजी देवनागरी लिहितात आणि जुन्या वळणाप्रमाणे अख्खी ओळ लिहून झाल्यावर तिच्यावर एका दमात शिरोरेघ ओढतात. पंधरा सेंटिमीटर, हात न उचलता, वेगानं. एवढ्या वेळात हवेनं आत आणि शाईनं बाहेर बरोबर तेवढंच यायला हवं, नाहीतर रेघ शेवटी फिकी पडते. रोमन लिपीला अशी रेघ कधी ओढावी लागत नाही, त्यामुळे तिकडे उत्तम ठरलेली निब इथे दमू शकते. बोरूचा छेदसुद्धा आपल्याकडे रोमनच्या उलट्या बाजूला तिरका असतो. आपली अक्षरं वेगळ्या अंगानं जाड-बारीक होतात. गुरुजींनी मुलांकडून बोरूनं कित्ते गिरवून घेतलेले आहेत. मी त्यांना तिरक्या टोकाची निब सुचवली तेव्हा ते म्हणाले, "कित्त्याला बोरू ठीक. मला झरझर लिहायचंय." गोल टोकच ठेवलं आणि जिभेचा चर जरासा मोकळा केला, तेव्हा शिरोरेघ शेवटपर्यंत सारखी उतरली.

पेन दिलं त्या दिवशी मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या: एसटीत बसण्याआधी नळी काठोकाठ भरा, आणि खिशात निब वर ठेवा. त्यांनी हवेचा हिशेब समजून घेतला, कागदावर स्वतः मांडून पाहिला आणि मग पैसे दिले. महाबळेश्वरहून फोन आला तो घाटाबद्दल नव्हताच. "ओकलं नाही हो. पण वहीच्या मागच्या बाजूला उमटतंय."

याचं कारण कागद. चांगल्या कागदाला खळ असते, ती तंतूंच्या फटी अर्धवट बुजवते आणि शाई वरच राहते. स्वस्त वहीच्या कागदाला खळ कमी, तंतू मोकळे, म्हणून तो गरजेपेक्षा जास्त ओढतो आणि अक्षराच्या कडांना पाय फुटतात. गुरुजी वह्या बदलणार नाहीत, नातवंडांच्या उरलेल्या पानांच्या वह्या संपवायच्या हा त्यांचा नियम आहे. म्हणून मी त्यांच्यासाठी आणखी एक जीभ कापायला घेतली आहे. तिच्या चिरा अरुंद ठेवतो आहे, दात पहिलीएवढेच. शिरोरेघ तुटणार नाही आणि वहीची मागची बाजू कोरी राहील, अशी जागा या दोन जिभांच्या मध्ये कुठेतरी असणार. रविवारी गुरुजी त्यांच्या वहीची दहा पानं घेऊन येणार आहेत.